ताण हाय का बघू

आमच्या समोरच्या दारातले जनूभाऊ कुणाकडेही गेले आणि त्यांना पाणी दिलं, की ते लगेच पीत नसत. ग्लास टेबलावर ठेवायचा, खिशातून कागदाची पुडी काढायची, पुडीतून शिवणाची सुई काढायची. "ताण हाय का बघू," म्हणत पातळ कागदाचा एक तुकडा पाण्यावर सोडायचा, त्यावर सुई आडवी ठेवायची आणि वाकून बघत बसायचं. कागद भिजून खाली गेला आणि सुई तेवढी वर राहिली, की "हाय, हाय" म्हणून सुई काढून घ्यायची आणि पाणी पिऊन टाकायचं. सुई बुडाली, तर ग्लास पुढे सरकवायचा आणि घरच्या बाईला तोंडावर सांगायचं, "साबण ऱ्हायलाय. परत विसळा."

आता सांगा, अशा माणसाला कोण घरात घेईल? पण घ्यायचे सगळे. बोईसरला आमची बिल्डिंग जुनी, माणसं जुनी, आणि जनूभाऊंचा स्वभाव सोडला तर माणूस सोन्यासारखा. त्यांच्या परीक्षेला सगळी घरं बसली. मी दोनदा नापास झाले.

मी पोळीभाजीचे डबे करते. तारापूरच्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरं माझ्याकडे जेवतात. भांड्यांचा ढीग असतो. दुसऱ्यांदा सुई बुडाली तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "जनूभाऊ, एवढ्या माणसांचं जेवण करते, आजवर कुणाच्या पोटात फेस झाला नाही. तुम्हाला प्यायचं तर प्या, नाहीतर तहानलेले बसा."

ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, रागावू नका. साबणाचा स्वभावच तसा. येतो पाहुण्यासारखा आणि जायचं नाव घेत नाय." आणि स्वतः उठून मोरीत जाऊन ग्लास राखेने घासून आले. माझ्याकडे राख नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या घरून आणली होती.

त्यांची चूक नव्हती. उभा जन्म त्याच कामात गेला. एका रंगाच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेत होते. कापड रंगवण्याआधी ते पाण्याने नीट भिजावं म्हणून एक रसायन घालतात. ते चांगलं झालंय की नाही हे बघायला सुताची आटी त्या पाण्यात टाकायची आणि ती बुडायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून बघायचं, हे जनूभाऊंचं काम. लवकर बुडाली तर माल पास. "आमी बुडवण्याचा पगार घेतला, वहिनी," असं ते म्हणत. मला वाटतं म्हणूनच रिटायर झाल्यावर त्यांनी तरंगवायला सुरुवात केली असावी.

त्यांचं प्रवचन मला पाठ आहे. पाण्याच्या वरच्या थराला ताण असतो. दिसत नाही, पण असतो. पाणी थंड केलं की ताण वाढतो, तापवलं की सैल पडतो. चिमूटभर मीठ टाकलं तर किंचित वाढतो. साबण टाकला तर मेलाच. अत्तर, दारू, साबण यांचं पाण्याशी कधी जमलं नाही. आणि तेल? तेलाचं नाव काढलं की जनूभाऊ दोन्ही हात जोडत. "तेलाचा एक थेंब अख्खी विहीर झाकायला बघतो. त्याच्याशी वाद घालू नये." हे सगळं ते मला ऐकवायचे तेव्हा माझे हात कणकेत असायचे आणि मी हो हो म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

या माणसाची बायको म्हणजे शालूताई. तिकडे त्यांच्या पाम गावाच्या बाजूला, चिंचणीपासून वाणगावपर्यंत, शालूताईंची पाण्यावरची रांगोळी प्रसिद्ध. लग्न असलं की मांडवाच्या दारात मोठी पितळी परात ठेवायची, काठोकाठ पाणी भरायचं, ते निवांत होऊ द्यायचं. मग त्यावर शंखजिऱ्याची पूड वस्त्रगाळ करून अशी पसरायची की पाण्यावर पांढरा कागद अंथरलाय असं वाटावं. आणि त्या कागदावर रंग. पानवेलीची महिरप, मध्ये कलश, कलशावर नारळ. पाणी हललं की सगळी वेल हलायची आणि परत जागेवर यायची. लोक नवरीआधी परात बघायचे. सगळ्या भाच्या, पुतण्या, शेजारच्या पोरी, सगळ्यांच्या लग्नात परात शालूताईंनी भरलेली.

राहिली होती एक, त्यांची स्वतःची मेघा. मेघाचं लग्न लांबलं आणि तेवढ्यात शालूताईंना कंपवात झाला. आधी उजवा हात, मग दोन्ही. चहाचा कप बशीवर वाजायला लागला. डॉक्टर गोळ्या द्यायचे, गोळ्या हात थोडा वेळ शांत ठेवायच्या. शालूताई मात्र एकच सांगायच्या, "मेघीची परात मीच भरणार. हात कापला तर कापला."

मेघाचं जमलं ती गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुलगा सफाळ्याचा. घर बघायला म्हणून जनूभाऊ, शालूताई, मेघा आणि शेजारीण म्हणून मी असे गेलो. रस्ताभर मेघा बापाला बजावत होती, "बाबा, सुई घरी ठेवलीत ना?" बाबा हो म्हणाले. माणसं चांगली, घर नीटनेटकं, मुलाच्या आईने पाणी आणलं. आणि जनूभाऊंचा हात खिशात गेला.

मेघाने डोळे मिटून घेतले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. कागद भिजला, खाली गेला, आणि पाठोपाठ सुईही गेली.

"साबण ऱ्हायलाय," जनूभाऊ म्हणाले.

झालं. मला वाटलं, आता उठा आणि सरळ स्टेशन गाठा. पण ती बाई खमकी निघाली. ग्लास उचलला, आत गेली, बऱ्याच वेळाने नवीन पाणी घेऊन आली आणि उभीच राहिली. म्हणाली, "टाका सुई. मीपण बघते." सुई तरंगली. बाई खाली वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "आजवर आमच्या घरात कुणी भांडी बघितली नाय. सगळे पोहे बघतात." परत येताना जनूभाऊ एवढंच म्हणाले, "चूक दाखवली तर ऐकणारी माणसं हायत. घर चांगलं हाय." मेघा वाणगाव येईपर्यंत बोलली नाही. आम्हाला उतरायचं होतं बोईसरला, पण तिच्या रागात आमचं कुणाचं स्टेशनाकडे लक्ष राहिलं नाही.

लग्न मार्गशीर्षात ठरलं आणि जनूभाऊ कामाला लागले. हॉल, जेवण, पत्रिका हे सगळं मेघाने आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने मोबाइलवर उरकलं. जनूभाऊंना एकच काम दिसत होतं. शालूताईंच्या थरथरत्या चिमटीतून पूड एकसारखी पडायची नाही, गोळा पडायचा आणि गोळा बुडायचा. हात तर सुधारणार नव्हता. मग पाणी असं पाहिजे की गोळासुद्धा पेलेल.

त्यासाठी हा माणूस स्कूटरला पिशवी अडकवून गावोगाव विहिरींचं पाणी गोळा करत हिंडला. वाणगावची विहीर, सफाळ्याच्या व्याह्यांची विहीर, पाममधली त्यांच्या भावकीची वाडीतली विहीर. एका गावात लोकांना वाटलं, सरकारी साहेब प्रदूषण तपासायला आलाय. पंधरावीस माणसं जमली. कुणी खुर्ची आणली, कुणी नारळपाणी. एका म्हाताऱ्याने भीत भीत विचारलं, "साहेब, आमच्या पाण्याचं काय?" जनूभाऊंनी सुई सोडली आणि सांगितलं, "ताण चांगला हाय." टाळ्या पडल्या. पुढे कितीतरी दिवस त्या गावात सांगत होते म्हणे, की आमची विहीर पास झाली.

एवढं करून निष्कर्ष काय? सगळ्या विहिरींचं पाणी सारखंच. आणि आमच्या नळाचंही तसंच. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी हसले तर ते म्हणाले, "हसा वहिनी. पण आता नक्की झालं ना? फरक पाण्यात नाय. भांडं, उष्णता आणि हात, एवढंच आपल्या ताब्यात हाय."

मग दिवाळीच्या आधीपासून रोज दुपारी त्यांच्या घरात तालीम सुरू झाली. ऑक्टोबरची ती उकाड्याची दुपार, आणि पंखा बंद. वाऱ्याने पाणी हलतं. खिडक्या बंद. परात चिंचेने आणि राखेने घासलेली. पाणी माठातलं गार, परातीखाली ओलं गोणपाट. परातीवर आडवी एक फळी टाकलेली, शालूताईंचं मनगट टेकायला. दोघं घामाने निथळत समोरासमोर बसलेली. मी भाजी द्यायला दार लोटलं की आतून आवाज, "हळू." पावलं वाजली की "हळू." एकदा मला शिंक आली तर जनूभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की मी भाजी तिथेच ठेवून घरी गेले.

तालीम संपली की संध्याकाळी ते शालूताईंच्या हातांना खोबरेल तेल चोळत. वैद्यांनी सांगितलं होतं. पण आधी नाही, नेहमी नंतर, परात उचलून ठेवल्यावर. आणि दार लावून. जनूभाऊ तसे लाजाळू माणूस. रस्त्यात बायको बरोबर असली तर हे दहा पावलं पुढे. शालूताई म्हणायच्या, "आमची वरात अजून चालूच हाय. नवरा पुढं, मी मागं."

आणि जमलं. दिवाळी झाल्यावर एक दिवस मला हाक मारून बोलावलं. परातीत पानवेल होती. थोडी वेडीवाकडी, एक पान मोठं, एक बारकं, पण तरंगत होती. शालूताईंच्या तोंडावर जे होतं ते मला लिहिता येणार नाही. मी आजवर त्यांना एवढं खूश बघितलं नव्हतं. मलाच रडू आलं.

लग्न पालघरला, हॉलमध्ये. सकाळी आम्ही उजाडायच्या सुमाराला पोहोचलो. थंडी चांगलीच पडली होती आणि हॉलची दारं सताड उघडी. परात दाराशी, पाणी रात्रीच माठातून आणलेलं. जनूभाऊ नवं धोतर, उपरणं घालून परातीशी पहारा देत उभे. फुलांवर सेंट मारणारा डेकोरेटरचा माणूस जवळ आला तर त्याला बाहेर काढला. तो म्हणाला, "अंकल, परफ्यूम से क्या होता है?" जनूभाऊंनी त्याला पूर्ण प्रवचन हिंदीत दिलं. तो पोरगा आपली उरळी, म्हणजे पाण्यावर फुलं आणि मेणबत्त्या सोडलेलं पसरट भांडं, घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला. गुलाबपाणी शिंपडायला उभ्या असलेल्या मेघाच्या मैत्रिणींनाही आत पिटाळलं.

शालूताई बसल्या. पांढरा थर छान धरला. वेल अर्धी झाली. कलश झाला. आणि सफाळ्याहून वऱ्हाडाची बस निघाल्याचा फोन आला तेवढ्यात त्यांची बोटं वळली. गारठ्याने म्हणा, घाईने म्हणा, बोटं आत वळली आणि उघडेनात. चिमूट धरता येईना. त्या डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं ओढत होत्या आणि तोंडाने "थांबा, थांबा, होईल" म्हणत होत्या. भोवती माणसं जमली. कुणी म्हणालं, राहू दे आता. कुणी म्हणालं, एवढी झाली तेवढी पुष्कळ. अर्धी वेल तशीच पाण्यावर.

जनूभाऊ आत गेले आणि मेघाच्या बॅगेतली तेलाची बाटली घेऊन आले. नव्या धोतरासकट खाली बसले. तळव्यावर तेल घेतलं, तळवे एकमेकांवर घासले आणि शालूताईंचा हात दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागले. एकेक बोट. मधेच तोंडाजवळ नेऊन फुंकर घालायचे, परत चोळायचे. सगळा हॉल बघत होता. त्यांना हॉल दिसतच नव्हता. मी बाजूला शंखजिऱ्याची वाटी धरून उभी होते, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पोळ्या लाटणारी बाई, माझे हात जन्मभर तेलातच.

बोटं मोकळी झाली. शालूताईंनी बोटांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. मग रंगाची चिमूट घेतली. एक पान झालं. दुसऱ्या पानाला हात थरथरला आणि बोटाचं टोक पाण्याला लागलं.

पापणी लवायच्या आत सगळं गेलं. वेल, कलश, नारळ, पांढरा थर, सगळं परातीच्या काठाला जाऊन चिकटलं आणि मध्ये नुसतं स्वच्छ पाणी राहिलं. तळाचं पितळ दिसत होतं.

मग शालूताई मोठ्याने म्हणाल्या, "माझाच मेलीचा हात हलला." बायका लगेच "असू दे हो, असू दे" करायला लागल्या. डेकोरेटरच्या पोराने न सांगता आपली उरळी उचलून दारात आणली, परात कुणीतरी आत नेली, आणि बस आली.

मी जनूभाऊंकडे बघितलं. ते आपल्या तळव्यांकडे बघत होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या ग्लासातला साबण तोंडावर सांगणारा माणूस. सगळ्यांदेखत बायकोने चूक आपल्यावर घेतली, आणि हा उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. अजूनही कधीकधी येतो.

मेघा सासरी गेली. शालूताईंनी रंगांच्या पुड्या वाटून टाकल्या. "हाताचं काही खरं नाय आता," म्हणत. आणि जनूभाऊंची सुई बंद झाली. घरी आले, पाणी दिलं की गटागट पिऊन टाकायचे. एकदा मी मुद्दाम ग्लास नीट विसळला नाही. म्हटलं, काहीतरी बोलतील, माझ्याशी भांडतील तरी. ते प्यायले, थँक्यू म्हणाले आणि गेले. त्या दिवशी माझ्या दोन पोळ्या करपल्या.

पावसाळ्यात शालूताई अंथरुणाला खिळल्या. मी दुपारी पेज घेऊन जायचे. एकदा जनूभाऊ औषधं आणायला बाहेर गेले होते तेव्हा मी न राहवून म्हटलं, "शालूताई, उगाच हाताला बोल लावता. ते तेल होतं. तुमचा हात नव्हे."

त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. परातीला बसताना वेणीलासुद्धा हात लावायचा नाय, हे आईने मला परकरात असताना शिकवलं."

"मग पुसला का नाहीत हात?"

शालूताईंनी पेजेचा चमचा बाजूला सारला. मग हळू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून चारचौघांत त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता. त्या दिवशी धरला. आणि मी काय म्हणू, पुसून द्या? वाटलं, सांभाळून सोडेन चिमूट. बोट लागणार नाय."

मी म्हटलं, हे त्यांना सांगा. ते आतल्या आत झुरतायत. त्या म्हणाल्या, "सांगेन कधीतरी. आता तेल चोळतात तर नजर वर करत नायत. जरा निवळू दे." आणि ते कधीतरी आलं नाही. नवरात्राच्या आधी त्या गेल्या.

दिवसकार्य झालं, मेघा परत सफाळ्याला गेली, तेव्हा एका सकाळी मी जनूभाऊंच्या गॅलरीत चहा घेऊन गेले. मनाशी ठरवूनच गेले होते. असल्या गोष्टी पोटात ठेवणाऱ्यातली मी नाही. शालूताई जे बोलल्या होत्या ते शब्दाला शब्द सांगितलं. ते ऐकत होते. चहावर साय धरली तरी कप उचलला नाही.

"तिला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि मला ठाऊक नव्हतं असं नाय, वहिनी. तेल हातावर घेतलं तेव्हाच मनात आलं. पण तिची बोटं हातात घेतली, बर्फासारखी गार. मग परात डोक्यातून गेली."

खाली रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते. जनूभाऊ आपले दोन्ही तळवे मांडीवर उलटे सुलटे करत बसले होते. मग, माझ्याशी नाही, समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलावं तसे म्हणाले,

"नुसतं पुसा म्हणायचं होतं गं. पुसलं असतं की मी. हात न सोडता पुसलं असतं."